तंबूची म्हातारी

म्हातारी चौदा नंबरच्या पेटीत होती. चार वर्षं मी त्या पेटीवरची धूळ पुसत होते, पण आत कोण आहे ते मला ठाऊक नव्हतं. पेटीवरच्या कार्डावर टाइप केलेलं होतं : बाहुली, लाकूड आणि कातडी, सायबेरिया. टाकून दिलेल्या स्लेजवर सापडली, १९११.

आमचं म्युझियम लहान आहे. मँचेस्टरच्या बाहेर, ट्रामच्या शेवटच्या स्टॉपवरून बसने पंधरा मिनिटं. कुणा गिरणीमालकाने जगभरातून जमवलेल्या वस्तू, आणि त्या ठेवायला त्याचीच बंद पडलेली कापडगिरणी. माझं काम सफाईचं, पण फरशीची नव्हे, वस्तूंची. मऊ ब्रशने धूळ उडवायची, जाळी लावलेल्या व्हॅक्यूमच्या तोंडाने ती ओढून घ्यायची, कसरीसाठी लावलेले चिकट सापळे तपासायचे. बोलावं लागत नाही. मला ते बरं वाटायचं.

ऑक्टोबरात हेलनने सांगितलं, की ती बाहुली नाही.

हेलन आमची क्युरेटर. पन्नाशीची, भली बाई. भली हे मी मुद्दाम लिहितेय. या गोष्टीत वाईट माणूस शोधायला निघालात तर माझ्याशिवाय कोणी सापडणार नाही.

तिने मला जे सांगितलं ते असं. सायबेरियाच्या अगदी उत्तरेला, जिथे झाड उगवत नाही, तिथे नेनेत्स लोक रेनडिअरचे कळप घेऊन फिरतात. वर्षभर. कळप पुढे सरकला की तंबू उतरवायचा, स्लेजवर लादायचा, पुढच्या मुक्कामी उभारायचा. तंबू बायकांचा. उभारायचा त्यांनी, उतरवायचा त्यांनी. आणि तंबू चालवणाऱ्या बाईच्या उशाशी ही असते, तंबूची म्हातारी. घरात कोणी दुखण्यातून उठलं, कोणाची सुखरूप सुटका झाली, की म्हातारीला नवा कोट शिवायचा. जुना काढायचा नाही, त्यावरच चढवायचा. आमच्या म्हातारीच्या अंगावर सात कोट होते.

"म्हणजे देवी आहे?" मी विचारलं.

"तसंच काहीसं," हेलन म्हणाली. "आणि तिच्या घरचं माणूस येतंय. लिदिया ओकोतेत्तो. तिची भाची वेरा इथे युनिव्हर्सिटीत शिकते, तिने आपल्या वेबसाइटवर फोटो पाहिला. वरच्या कोटाच्या काठावर त्यांच्या घराण्याची खूण शिवलेली आहे. जी खूण त्यांच्या हरणांच्या अंगावर असते तीच." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सगळं नीट झालं तर डिसेंबरमध्ये ट्रस्टी तिला परत देतील. मला ते व्हायला हवंय, मंजिरी."

मला वाटतं मी त्याच दिवसापासून पेटीसमोर डबा उघडेनाशी झाले.

माझं असं आहे, की देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय मी तोंडात घास घालत नाही. लग्नाआधीपासूनचं आहे. इथे येऊनही कधी मोडलं नाही. पहाटे पाचला उठून स्वयंपाक करते, पूजा करते, आधी त्यांचं ताट, मग आमचे डबे. आणि मी जिथे राबते, तिथे एक देवी शंभर वर्षं उपाशी बसलेली, हे कळल्यावर काय करायचं? हेलनला असलं विचारता येत नाही.

नोव्हेंबरात लिदिया आली, सोबत दुभाषी म्हणून वेरा. लिदिया साठीची असेल. ठेंगणी, रुंद, गालांची कातडी वाऱ्याने करपल्यासारखी. वस्तू ठेवायच्या खोलीच्या, आमच्या स्टोअरच्या दाराशी आली आणि कोणी न सांगता बूट काढून उभी राहिली. हेलन म्हणाली, अहो नको, फरशी गार आहे. वेराने ते सांगितल्यावर लिदिया काहीतरी पुटपुटली.

"ती म्हणते, गार म्हणजे काय ते तिला ठाऊक आहे," वेरा म्हणाली.

हेलनने त्यांच्या भागातल्या बाकीच्या वस्तूही काढून ठेवल्या होत्या. फरशीवर फोमच्या चादरीवर हरणं धरायचा चामड्याचा लांब फास पसरला होता. टेबलाकडे जाताना हेलन तो ओलांडून गेली. लिदियाने श्वास आत ओढला. स्वतः मात्र टेबलाला पूर्ण वळसा घालून पलीकडून आली. मीही तिच्या मागून वळसा घालूनच गेले. आमच्याकडे केरसुणी ओलांडत नाहीत; पायांना सवय आहे. तिने वळून माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

हेलनने पेटी उघडली. वीतभर उंचीची, गठ्ठ्यासारखी दिसणारी म्हातारी. टोपडं मागे सारलं तेव्हा आतला चेहरा दिसला : चपटं लाकूड, डोळ्यांच्या जागी दोन खाचा, तोंडाच्या जागी एक. लिदिया रडली नाही. वाकली, कोट हुंगला, आणि खालून वर एकेक कोट बोटाने उचलत बोलू लागली. हा पणजीला गोवर आला होता तेव्हाचा. हा जुळी वाचली तेव्हाचा. हा बर्फावर पाऊस पडून कळप मरायला लागला होता आणि वाचला, तेव्हाचा. आईकडून ऐकलेलं होतं तिने सगळं. तिने कोट याआधी कधीच पाहिले नव्हते, आणि एकदाही चुकली नाही. हेलन भराभर लिहून घेत होती.

मग हेलनने कार्ड वाचून दाखवलं. टाकून दिलेल्या स्लेजवर, हे वेराने सांगितलं तेव्हा लिदिया हसली. ते हसणं चांगलं नव्हतं.

"उन्हाळ्यात हरणांना डास तोडून खातात," वेरा एकेक वाक्य सांगत होती, "म्हणून ती समुद्राच्या वाऱ्याकडे पळतात. आम्ही त्यांच्या मागे. हिवाळ्याचं सामान तिथवर कशाला ओढायचं? ते स्लेजवर बांधून वाटेत ठेवतो, परत येताना घेतो. त्या वर्षी घरात मृत्यू झाला होता, म्हणून म्हातारीलाही सामानासोबत ठेवलं होतं. परत आलो तर दोऱ्या कापलेल्या. आमच्याकडे कोणी दुसऱ्याच्या स्लेजला हात लावत नाही, उपाशी मरत असला तरी."

"आय अ‍ॅम सॉरी," हेलन म्हणाली.

"तुम्ही सकाळी कामाला निघता तेव्हा घर टाकून देता का?" वेराने विचारलं. मग म्हणाली, "हे मावशी नाही म्हणाली. हे माझं."

चहाला बसलो तेव्हा लिदियाने हेलनला खरं काय ते सांगितलं. तिचा मुलगा आणि सून तिच्यासोबत कळप घेऊन फिरतात. सुनेची दोन मुलं गेली, दोन्ही तंबूत. आता तिसऱ्यांदा दिवस राहिलेत, एप्रिलमध्ये होईल. सून म्हणते, ज्या तंबूच्या उशाशी कोणी नाही तिथे मी तिसरं आणणार नाही. म्हातारी आली तर राहू; नाही आली तर गावात सरकारी फ्लॅट घेऊ, कळप चुलतमामाला देऊ. मुलाला नको आहे, पण तो बायकोला दोष देत नाही. लिदियाही देत नव्हती.

"तंबू माझ्यानंतर तिचा," ती म्हणाली. "तिनेच नाही म्हटलं तर तंबू म्हणजे नुसत्या काठ्या."

मी कप गोळा करत होते. लिदियाने माझ्या कपाळाकडे हनुवटी उडवून वेराला विचारलं. मी सांगितलं, हे कुंकू, लग्न झालेल्या बाईचं. मी जुन्या पद्धतीने मेण लावून त्यावर कोरडं कुंकू लावते.

"देवीलाही लावतो," मी म्हणाले. "रोज. आधी तिला, मग मला."

"आणि जेवण?"

"तेही. आधी तिला, मग आम्हाला."

लिदियाने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. वेरा हसायला लागली. "मावशी म्हणते, या इमारतीत एक तरी शहाणं माणूस आहे म्हणायचं."

त्यानंतर तिने छातीशी धरलेली कापडाची पुरचुंडी सोडली. आत सुपारीएवढा पांढरा गोळा होता, हरणाची वाळलेली चरबी. मी नकळत एक पाऊल मागे सरकले, अंडंही न खाणारी बाई मी. लिदिया म्हणाली, फक्त म्हातारीच्या ओठांना लावते. एकदाच. घरी असती तर प्रत्येक कापलेल्या जनावराचं पहिलं ऊन रक्त तिच्या तोंडाला लावलं असतं.

हेलनने हात जोडल्यासारखे केले. नाही म्हणताना तिला त्रास होत होता, पण तिने नाहीच म्हटलं. चरबीने किडे येतात. शिवाय पूर्वी कसर लागू नये म्हणून अशा वस्तूंवर आर्सेनिक फवारायचे, तोंडाजवळ हात नेणं धोक्याचं. आणि ट्रस्टींपैकी दोघांचं म्हणणंच असं होतं, की ही माणसं वस्तू नीट ठेवणार नाहीत. "आत्ता तिच्यावर एक डाग जरी पडला, तर मी त्यांना काय सांगू?"

वेराने सांगितलं. लिदियाने पुरचुंडी पुन्हा बांधली.

"ती म्हणते, विष घातलंत, आणि जेवण नाही."

हेलनचा चेहरा पडला. तिने स्वतःच्या जबाबदारीवर लिदियाला म्हातारीजवळ पाच मिनिटं एकटीला बसू दिलं. आम्ही सगळ्या बाहेर कॉरिडॉरमध्ये उभ्या राहिलो. तिचा तो चांगुलपणाच दुसऱ्या दिवशी लिदियाच्या अंगाशी आला.

त्या संध्याकाळी मला घास गेला नाही.

"आई, तू जेवला नाही?" सान्वीने विचारलं. ती इथेच वाढली. तिचं मराठी असंच आहे.

"भूक नाही गं."

"अगं, आज तर एकादशी पण नाही," हे म्हणाले. सान्वीचे बाबा सॅल्फर्डला एका बँकेच्या आयटीत आहेत. लॅपटॉपवर आमच्या आयएलआरचे कागद लावत बसले होते. पाच वर्षं भरत आली होती; आता या देशात कायमचं राहायची परवानगी मागायची. गेला महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. परवा एका ओळखीच्यांचा अर्ज कुठल्याशा जुन्या दंडावरून अडकला, तेव्हापासून हे मला रस्ताही सिग्नल बघूनच ओलांडायला लावत.

"अहो, एक विचारू? एखाद्या ठिकाणी देव उपाशी असेल आणि आपल्याला माहीत असेल, तर?"

"तर ज्याचा देव त्याने बघावं," हे म्हणाले. "तू तुझी पगाराची स्लिप शोध आधी. मे महिन्याची नाहीये यात."

दुसऱ्या दिवशी मी साडेसातला स्टोअर उघडलं. किल्ली माझ्याकडेच असते. दहाला लिदियासकट सगळे परत येणार होते. मी डब्यात ओल्या खोबऱ्याची साखर घातलेली चिमूट वेगळी बांधून नेली होती. चरबी मला देता येणार नव्हती. पण देवीला हेच हवं आणि ते नको असं थोडंच असतं, असं मी स्वतःला समजावलं. हातमोजे घातले. पेटी उघडली. टोपडं सारलं आणि खोबऱ्याचा कण तोंडाच्या खाचेसमोर धरला, पाणी फिरवल्यासारखं केलं, आणि कण परत डब्यात ठेवला. इथे थांबले असते तर काहीच झालं नसतं.

पण समोर देवी आणि तिचं कपाळ पांढरं. हात आपोआप पर्समधल्या करंड्याकडे गेला. मी एक हातमोजा काढला, करंगळीने मेणाचा ठिपका लावला आणि त्यावर कुंकू. टोपड्याच्या आत, कोणाला दिसणार नाही एवढंसं. फार शोभून दिसलं. ते मी इथे लपवत नाही. मला खूप बरं वाटलं. शंभर वर्षांत कोणी तिला काही लावलं नव्हतं.

मग हेलनचं वाक्य आठवलं. एक डाग जरी पडला.

मी कापूस ओला करून पुसायला गेले. मेण निघालं, कुंकू नाही. आजकालचं कुंकू म्हणजे नुसता रंग. ते वाळक्या लाकडात शिरलं, रेषारेषांतून खाली उतरलं. मी जितकं पुसत गेले तितकं ते पसरलं, आणि खाली येऊन तोंडाच्या खाचेत जमा झालं. कपाळावर पुसटशी लाली राहिली, आणि तोंड लालभडक. मी टोपडं पुढे ओढलं, पेटी बंद केली, कापूस पर्समध्ये टाकला आणि पलीकडच्या रॅकवरची भांडी ब्रशने झाडत बसले. दहा वाजेपर्यंत.

हेलनने टोपडं मागे केलं आणि तिचे हात तसेच थांबले.

लाल तोंडाची म्हातारी आमच्याकडे बघत होती. हेलनने खुर्ची ओढली आणि बसली. "काल पाच मिनिटं," ती एवढंच म्हणाली. मग वेराकडे बघून, अगदी हळू, "मला समजतं. खरंच समजतं. मी तिच्या जागी असते तर मीही कदाचित हेच केलं असतं. पण मी नाही म्हटलं होतं. रक्त, वेरा. आता मी हे कसं झाकू?"

वेराने सांगितलं. लिदिया पुढे झाली, वाकली, हुंगलं. हातमोजा न घालता तोंडाच्या खाचेवर बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं. नंतर सरळ माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तिला नुसतं कळलं होतं.

ती बोलली, आणि वेराने सांगितलं, "मावशी म्हणते हे रक्त नाही. रक्त वाळलं की काळं पडतं, ती साठ वर्षं रक्त बघते आहे. ती म्हणते..." वेरा अडखळली.

लिदियाने हात उचलून माझ्या कपाळाकडे बोट दाखवलं.

हेलन लालबुंद झाली. चार वर्षं ती माझं कपाळ रोज बघत होती, आणि त्या क्षणी मात्र तिने ते बघायचं कटाक्षाने टाळलं. "प्लीज," ती वेराला म्हणाली, "तिला सांग, असं बोट दाखवू नये. कपाळावरचा तो टिळा मंजिरीच्या धर्माचा भाग आहे." मग माझ्याकडे वळून, "मंजिरी, मला फार वाईट वाटतंय. हे विचारायलाही नको, पण रिपोर्टमध्ये लिहावं लागेल. तू पेटीला हात लावला होतास?"

माझ्या डोळ्यांसमोर काय आलं ते सांगते. देव आला नाही, लिदियाची सूनही नाही. लॅपटॉपवरचा तो फॉर्म आला, ज्यात तुमच्यावर कधी काही आरोप झाला आहे का असा रकाना आहे.

"नो," मी म्हणाले.

मी कधी आवाज चढवत नाही. ते 'नो'सुद्धा मी तसंच म्हणाले, हळू, खाली बघून. असं बोलणारी बाई खोटं बोलेल असं कोणालाच वाटत नाही. हेलनने माझ्या दंडावर हात ठेवला.

लिदिया त्यानंतर हेलनशी काही बोलली नाही. दाराशी बूट घालताना मी तिच्या बाजूला उभी होते, दार मलाच लावायचं होतं. तिने वर न बघता वेराला काहीतरी विचारलं. वेराला ते सांगायचं नव्हतं; तिने दातओठ खात सांगितलं.

"ती विचारते, काय खायला घातलंस तिला?"

हेलन चार पावलांवर उभी होती. मी बोलले नाही. लिदिया थोडा वेळ थांबली. तिला ते खरंच जाणून घ्यायचं होतं, असं मला अजून वाटतं. मग लेस बांधून ती गेली.

ट्रस्टींनी डिसेंबरात निर्णय दिला : वस्तू सध्या परत देता येणार नाही, पाच वर्षांनी पुन्हा विचार करू. चौदा नंबरच्या पेटीचं नवं कार्ड करायचं होतं. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून हेलनने ते मला दिलं. तिने सांगितलं, मी लिहिलं : तोंडावर रक्ताचा डाग, भेटीस आलेल्या समाज-प्रतिनिधीकडून. खाली तारीख.

पूजा मी एक दिवस चुकवली नाही. नैवेद्यही नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाहीये. माझं मलाच नवल वाटतं, की हात कसे चालत राहिले.

मार्चमध्ये आमची परवानगी आली. ह्यांनी रशहोमच्या मिठाईच्या दुकानातून पेढे आणले, सान्वीने "आता आपला घर इथेच" म्हणून मिठी मारली. दुसऱ्या दिवशी मी हेलनच्या केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. खोबरं, मेण, कापूस, सगळं. करंडा उघडून तिच्या टेबलावर ठेवला.

हेलनने पूर्ण ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तू किती चांगली आहेस, मंजिरी," ती म्हणाली.

"नाही, हेलन. मी केलंय ते."

"तुला तिचं वाईट वाटतंय. मलाही वाटतं. पण दुसऱ्याचा दोष असा अंगावर घ्यायचा नसतो. तुझ्यासारखी माणसं हेच करतात, आणि मग सगळे तुमचा फायदा घेतात."

"तपासून बघा ना. रंग आहे, रक्त नाही."

"तपासायचं तर चेहऱ्याचा तुकडा खरवडावा लागेल. तुला चालेल ते?" तिने करंड्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. नंतर त्याचं झाकण तिनेच लावलं आणि तो माझ्याकडे सरकवला. "ट्रस्टींनी फाइल बंद केली आहे. मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगितलंय काय झालं ते. आता परत जाऊन मी काय म्हणू?" मग घड्याळ बघत उठली. "दोन दिवस सुट्टी घे. खरंच घे."

तेव्हा मला कळलं, की तिला पटलं होतं.

वेराला शोधायला मला महिना लागला. ऑक्सफर्ड रोडवरच्या एका कॅफेत भेटली, पाठीवरची सॅक न काढता खुर्चीच्या कडेवर बसली. मी बोलत होते तोवर ती साखरेच्या पुड्या एकावर एक रचत होती.

"हे मला कशाला सांगतेस? मला त्याच दिवशी माहीत होतं. मावशीला तर हुंगल्यावरच."

"तिला सांगायचंय मला. पण ती तर टंड्रात. मुक्काम कुठे असेल..."

"फोन कर ना," वेरा म्हणाली.

"तिथे लागतो?"

"तिथे नाही लागत. फ्लॅटमध्ये लागतो." तिने रचलेल्या पुड्या बोटाने पाडल्या. "जानेवारीतच आले सगळे. तिसरा मजला. हरणं चुलतमामाच्या कळपात सोडली. त्याने कान कापून स्वतःची खूण केली असेल एव्हाना. गेल्या आठवड्यात मुलगी झाली, हॉस्पिटलमध्ये. चांगली आहे." तिने माझ्याच मोबाइलवर नंबर टाकून दिला. "मी भाषांतर करणार नाही. तेवढं तुझं तू बघ."

मी तीन दिवस तो नंबर घेऊन हिंडले. चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत गिरणीमागच्या पार्किंगमध्ये गेले आणि लावला. बराच वेळ वाजला. मग कोणीतरी उचलला.

"आल्लो?"

तिचाच आवाज. मागे टीव्ही चालू होता, कुठेतरी तान्हं मूल रडत होतं. मला रशियन येत नाही, तिला इंग्रजी येत नाही. मी मराठीत सांगितलं. सगळं सांगितलं, पहिल्यापासून, क्रमाने; काय खायला घातलं तेही. फॉर्मचं सांगितलं. नो म्हणाले ते सांगितलं. इतकं नीट मी हेलनलाही सांगितलं नव्हतं. तिला एक अक्षर कळणार नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच जमलं.

मूल रडायचं थांबलं. तिने ते मांडीवर घेतलं असावं. माझं सांगून झाल्यावर फोनमधून फक्त टीव्ही ऐकू येत होता.

वेराशिवाय त्या नंबरावर परदेशातून फोन करणारं, म्हातारीची बातमी देणारं दुसरं कोण असणार? तिने फोन तोंडाजवळ आणला, आणि घाईघाईने, जरा मोठ्याने, जवळजवळ हसत विचारलं,

"हेलन?"

मी फोन बंद केला.